कॉन्ट्रा नेमका कुठला खेळलात? जपानी, अमेरिकन आणि युरोपियन व्हर्जन ओळखायची आणि खेळायची पद्धत

नव्वदच्या दशकात आपल्याकडे ज्या घरात टीव्ही गेम होता त्या घरात कॉन्ट्रा होताच, लिटल मास्टर असो नाहीतर मीडिया, सोबतच्या कॅसेटवर मारिओ आणि कॉन्ट्रा हे दोन नसतील तर ती कॅसेट कुणी घ्यायचंच नाही. पण हा गेम सगळ्या जगात सारखा आलेला नाही, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नाही. जपानमधल्या कॉन्ट्रात स्टोरी होती, प्रत्येक स्टेजआधी नकाशा होता, वाऱ्याने झाडं हलायची, अमेरिकेत जो गेला त्यातून हे सगळं गायब झालं, आणि युरोपात तर माणसंच काढून रोबो घातले आणि गेमचं नावसुद्धा बदललं. तर हे तीनही कसे ओळखायचे, आज कुठून मिळवायचे, सेटिंग काय ठेवायचं आणि कुठला आधी खेळायचा हे सगळं इथे लिहितोय. जपानी व्हर्जन तुम्ही पाहिलं नसेल तर हा गेम अजून अर्धाच पाहिलाय असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच एवढं लिहायला बसलो.

आधी घराणं समजून घ्या

मूळ कॉन्ट्रा म्हणजे पार्लरमधलं मशीन, कोनामी या जपानी कंपनीने १९८७ ला काढलेलं, त्याचा स्क्रीन उभा होता. युरोपात तेच मशीन ग्रायझर नावाने गेलं. हिरो दोन, बिल रायझर आणि लान्स बीन. मग ९ फेब्रुवारी १९८८ ला जपानमध्ये फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर, घरचं व्हर्जन आलं आणि त्याच महिन्यात अमेरिकेत एनईएसवर, म्हणजे त्याच मशीनच्या तिकडच्या रूपावर. युरोपला मात्र १९९० च्या डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं, आणि तिथे तो आला प्रोबोटेक्टर नावाने.

पार्लरचा आणि घरचा गेम एक नाही हेही लक्षात ठेवा. घरच्यात एकूण ८ स्टेज आहेत, जंगल, पहिला बेस, धबधबा, दुसरा बेस, बर्फ, एनर्जी झोन, हँगर आणि शेवटी एलियनचं घर. स्क्रीन आडवा असल्यामुळे समोरून काय येतंय ते आधी दिसतं, उडी पण हातात बसते. मी तर घरचाच चांगला म्हणेन, पार्लरचा एकदा उत्सुकता म्हणून बघा आणि पुढे चला.

तुमच्याकडे कुठलं व्हर्जन आहे ते कसं ओळखायचं

सगळ्यात सोपं, गेम चालू करून काहीच दाबू नका, थोडा वेळ बघत बसा. जपानी असेल तर स्टोरी सुरू होईल, मजकूर जपानीत असेल. गोष्ट अशी की २६३१ साली न्यूझीलंडजवळच्या गलुगा बेटांवर उल्का पडते, दोन वर्षांनी म्हणजे २६३३ ला कळतं की तिथे रेड फाल्कन नावाच्या टोळीने ठाण मांडलंय, आणि या दोघांना तिथे पाठवतात. अमेरिकन कॉन्ट्रामध्ये स्क्रीनवर ही गोष्ट येतच नाही. सोबतच्या छापील पुस्तिकेत होती तीही बदललेली, तिकडे गोष्ट आजच्या काळात आणली, बेटांऐवजी अमेझॉनचं जंगल केलं आणि दोघांना मॅड डॉग आणि स्कॉर्पियन अशी टोपणनावं दिली. आपल्याला कॅसेटसोबत कुठली पुस्तिका मिळणार, त्यामुळे आपण ना न्यूझीलंड ऐकलं ना अमेझॉन, दोन माणसं आहेत आणि गोळ्या मारायच्यात एवढंच माहीत.

मग स्टार्ट दाबा. स्टेज सुरू व्हायच्या आधी नकाशा आला तर जपानी, नाही आला तर नाही.

आता खरी मजा, पहिल्या स्टेजला मागची झाडं बघा. जपानी व्हर्जनमध्ये ती हलतात. पळता पळता नाही लक्षात येणार, समोरून येणारे सैनिक मारत एका जागी उभे राहा आणि फक्त झाडांकडे बघा, अमेरिकनमध्ये ती चित्रासारखी गप्प उभी असतात. हीच गोष्ट पाचव्या स्टेजला अजून ठळक दिसते, जपानीत तिथे बर्फ उडत असतो, वारा सुटलाय हे जाणवतं, अमेरिकनमध्ये नुसती पांढरी जमीन. आणि शेवटच्या स्टेजला एलियनच्या पोटात शिरल्यासारखं जे सगळं आहे ते जपानीत धडधडतं, जिवंत वाटतं. अमेरिकन खेळून तिथवर कितीही वेळा गेला असाल तरी जपानीत पहिल्यांदा ते बघताना अंगावर काटा येतो.

स्टेजच्या शेवटी बॉस मेल्यावर छोटा सीन आला तर तेही जपानीच. शेवटच्या क्रेडिटनंतर सिलेक्ट आणि स्टार्ट धरून ठेवलं तर एक लपवलेला मेसेज येतो, तो पण फक्त जपानीत.

प्रोबोटेक्टर ओळखायला काहीच कष्ट नाहीत, हिरोच्या जागी रोबो, आरडी-००८ आणि आरसी-०११ अशी त्यांची नावं. समोरचे सैनिकही रोबो. एलियन मात्र एलियनच राहिले. बाकी आतून हा अमेरिकनच आहे, म्हणजे नकाशा नाही, सीन नाहीत, झाडं हलत नाहीत.

आणि आता आपल्या ९९९९ इन १ बद्दल. त्या यादीत एकच कॉन्ट्रा वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा यायचा, कुठे थेट तिसऱ्या स्टेजपासून सुरू, कुठे सुरुवातीलाच एस गन (एकदम पसरून गोळ्या मारणारी) हातात, कुठे जास्त लाइफ. हे कोनामीचं काम नाही, कॅसेट बनवणाऱ्यांनी गेममध्ये दोन-चार आकडे बदलून आकडा फुगवलेला असायचा. टायटल स्क्रीनवरून कंपनीचं नाव पण बऱ्याचदा उडवलेलं असायचं. त्यामुळे अशा कॅसेटवर व्हर्जन ओळखायला टायटलवर विश्वास ठेवू नका, नकाशा आणि झाडं याच दोन खुणा पक्क्या.

कंप्युटरवर फाइल असेल तर अजून सोपं, एमुलेटरमध्ये (जुनं मशीन कंप्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) रॉमची, म्हणजे गेमच्या फाइलची, माहिती उघडा आणि मॅपर नंबर बघा, म्हणजे कॅसेटमधल्या बोर्डाचा प्रकार सांगणारा आकडा. अमेरिकन आणि युरोपियनचा मॅपर २, जपानीचा २३. फाइलच्या साइजवरून पण कळतं, अमेरिकन साधारण १२८ केबी, जपानी त्याच्या दुप्पट.

एवढा फरक का पडला

हा भाग वगळू नका, कारण हे कळलं की फॅमिकॉमच्या बाकी डझनभर गेमचे फरक आपोआप कळतात.

जपानमध्ये निन्टेन्डोने कोनामीसारख्या मोठ्या कंपन्यांना स्वतःची कॅसेट स्वतः बनवायची मोकळीक दिली होती. म्हणून कोनामीने स्वतःची चिप केली, व्हीआरसी२, आणि कॉन्ट्राच्या कॅसेटमध्ये ती बसवली. या चिपमुळे काय होतं तर चित्रांचे तुकडे वेगळ्या मोठ्या रॉममध्ये ठेवता येतात आणि त्यातला कुठला गठ्ठा मशीनसमोर धरायचा हे क्षणात बदलता येतं. झाड हलवायचं म्हणजे काय, झाडाची दोनचार चित्रं काढून ठेवायची आणि आलटून पालटून दाखवायची, प्रोसेसरला जवळपास काही कामच नाही.

अमेरिकेत नियम वेगळा होता, तिथे कॅसेट निन्टेन्डोच बनवणार आणि बोर्ड पण निन्टेन्डोचेच वापरायचे. तर कॉन्ट्राला तिथे साधा यूएनरॉम बोर्ड मिळाला, त्यात चित्रांसाठी वेगळी रॉम नाहीच, ८ केबीची रॅम आणि चित्रं प्रोग्रामने त्यात कॉपी करत बसायचं. अशा कॉपीसाठी प्रत्येक फ्रेमला मिळणारा वेळ फार थोडा असतो. मग हलणारी झाडं, उडणारा बर्फ, सीन, नकाशा या सगळ्यावर कात्री चालली. खेळ तसाच राहिला, शत्रू तेच, गन त्याच, पण आजूबाजूची सगळी सजावट गेली. मला यात जास्त कौतुक वाटतं ते त्या प्रोग्रामरांचं, इतकं काढूनही गेम कुठे तुटल्यासारखा वाटत नाही.

कोनामीच्याच कॅसलव्हेनिया ३ या गेमचं पण हेच झालं, जपानी कॅसेटमध्ये व्हीआरसी६ चिप होती आणि तिच्यामुळे म्युझिकला जादा चॅनेल मिळायचे, अमेरिकन कॅसेटमध्ये निन्टेन्डोची एमएमसी५ आली आणि ते जादा आवाज गेले. दोन्हीचं पहिल्या स्टेजचं म्युझिक लागोपाठ ऐका, फरक लगेच कळेल.

युरोपचं कारण मात्र चिपचं नाही. जर्मनीत लहान मुलांना घातक ठरतील अशा गोष्टींची यादी करणारी सरकारी संस्था होती, आणि एकदा त्या यादीत नाव गेलं की गेमची जाहिरात बंद, दुकानात उघड ठेवणं बंद, मुलांना विकणं बंद. माणूस माणसाला गोळ्या घालतोय म्हटल्यावर धोका होताच, तर कोनामीने रोबो रोबोंना मारतायत असं केलं, आणि एका जर्मनीसाठी वेगळं नको म्हणून अख्ख्या युरोपला तेच दिलं. काही जण प्रोबोटेक्टरला नावं ठेवतात, मला ते पटत नाही, रोबोची चित्रं फार मन लावून काढली आहेत आणि तिकडच्या एका पिढीसाठी तोच खरा कॉन्ट्रा आहे.

स्पीडचा घोळ, हे आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं

जुना कॉन्ट्रा आज एमुलेटरवर लावला की पुष्कळ जण म्हणतात, अरे हा एवढा फास्ट कसा, लहानपणी असा नव्हता. तुमची आठवण बरोबर असू शकते. तेव्हा जपान आणि अमेरिकेतले टीव्ही एनटीएससी पद्धतीचे, तिथे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालायचा. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, युरोपसारखेच, म्हणजे ५०. पालसाठी बनवलेल्या क्लोन मशीनमध्ये (म्हणजे फॅमिकॉमची नक्कल केलेल्या मशीनमध्ये) अमेरिकन किंवा जपानी गेम घातला की तो ६० च्या हिशोबाने लिहिलेला गेम ५० ने चालायचा, म्हणजे जवळपास १७ टक्के हळू. उडी हळू, गोळी हळू, म्युझिकची लय पण हळू.

यात अजून एक बारीक गंमत आहे. युरोपच्या खऱ्या एनईएसचा प्रोसेसर पण हळू होता, १.६६ मेगाहर्ट्झ, एनटीएससीवाल्याचा १.७९, त्यामुळे एनटीएससी गेम त्यावर चालवला तर म्युझिकची लय तर मंदावतेच पण सूरही खाली येतो, अर्ध्या सुराहून थोडा जास्त. पण पालच्या बऱ्याच क्लोन मशीनमध्ये प्रोसेसर १.७७ वर चालायचा, म्हणजे सूर जवळजवळ जागेवर आणि लय तेवढी मंद. रशियात १९९२ ला डेंडी नावाचा असाच क्लोन आला आणि खूप गाजला, म्हणून एमुलेटरमध्ये या प्रकाराला डेंडी असंच नाव पडलंय.

तर करायचं काय, मेसेन किंवा एफसीईयूएक्स हा एमुलेटर घ्या, दोन्ही फुकट आहेत, सेटिंगमध्ये रीजन शोधा आणि ऑटोवर न सोडता हाताने निवडा. जपानी आणि अमेरिकन कॉन्ट्राला एनटीएससी, प्रोबोटेक्टरला पाल. आणि लहानपणीचा वेग हवा असेल तर अमेरिकन रॉम लावून रीजन डेंडी करा, जंगलाचं म्युझिक सुरू झालं की कानच सांगतील तुमचं मशीन कुठल्या जातीचं होतं ते. एकदा हे करून बघाच, पण सराव मात्र एनटीएससीवर करा, गेम बनवणाऱ्यांनी तोच वेग डोक्यात ठेवून बनवलाय.

मिळवायचा कुठून

सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे कोनामीचं कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन, २०१९ ला आलं, स्टीमवर आहे, पीएस४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर पण. यात पार्लरचा कॉन्ट्रा, अमेरिकन एनईएसचा आणि जपानी फॅमिकॉमचा असे वेगवेगळे मिळतात, शिवाय मध्येच सेव्ह करायची सोय. १९९० चा युरोपियन प्रोबोटेक्टर मात्र यात नाही, त्याच नावाचा जो आहे तो मेगा ड्राइव्हचा (सेगा कंपनीचं मशीन), दुसराच गेम, गोंधळ करू नका. रॉमची फाइल कुठून उतरवायची ते मी सांगणार नाही, स्वतःच्या कॅसेटची कॉपी काढणारी छोटी यंत्रं मिळतात, तो मार्ग चांगला.

खरी कॅसेट हवी असेल तर थोडं सांभाळून. फॅमिकॉमची कॅसेट ६० पिनांची, एनईएसची ७२, एकातली दुसऱ्यात बसत नाही, ॲडॉप्टर लागतो. आपले जुने क्लोन फॅमिकॉमवरून बनवलेले असल्यामुळे ६० पिनांचे, म्हणजे अस्सल जपानी कॉन्ट्रा त्यात सहसा सरळ बसतो. अस्सल आहे का बघायचं असेल तर विकणाऱ्याला आतल्या बोर्डाचा फोटो मागा. आत पाय असलेल्या नीट चिपा आणि त्यातली एक कोनामीची स्वतःची दिसली पाहिजे, डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा दिसला तर ती कॉपी. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत जुन्या मालात कधीमधी कॅसेट दिसतात, त्या जवळपास सगळ्या काळ्या गोळ्याच्याच, खेळायला घ्या, संग्रहासाठी जास्त पैसे मोजू नका.

कुणी जपानहून फॅमिकॉम मागवत असेल तर दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. एक, त्याचा पॉवर ॲडॉप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये सरळ लावला की जळालाच. त्याला १० व्होल्ट डीसी लागतं आणि पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो, तसाच ॲडॉप्टर बघून घ्या. अमेरिकन एनईएसचा ॲडॉप्टर चुकूनही फॅमिकॉमला लावू नका, तो एसी बाहेर टाकतो, मशीन मरेल. दुसरं, जुना लाल-पांढरा फॅमिकॉम फक्त अँटेनाच्या वायरने टीव्हीला जोडला जातो आणि जपानी चॅनेल आपल्या टीव्हीवर लागत नाहीत, म्हणून १९९३ चं एव्ही मॉडेल घ्या, त्याची पिवळी पिन, तशी जागा असलेल्या टीव्हीला लागते.

कुठल्या क्रमाने खेळायचं

आधी अमेरिकन. हाताला ओळखीचा, मध्ये काही थांबणं नाही, जंगल संपवून थेट बेस. ३ लाइफमध्ये जमत नसेल तर कोड वापरा, त्यात लाज कसली, टायटल सरकत येऊन थांबलं की वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए आणि स्टार्ट, ३० लाइफ. दोघं खेळणार असाल तर ए नंतर सिलेक्ट आणि मग स्टार्ट. हा कोड काझुहिसा हाशिमोतो यांनी मुळात ग्रॅडियस गेम तपासताना स्वतःला सोपं जावं म्हणून टाकला होता, १९८६ ला, २०२० मध्ये ते वारले पण कोड अजून पोरांच्या बोटात आहे.

एस गन मिळाली की ती जपा, नंतर दिसणारं प्रत्येक अक्षर उचलू नका, विशेषतः एल, कारण लेझरची पहिली गोळी पुढे जायच्या आत परत बटण दाबलं की ती गोळी तिथेच रद्द होते. आर (गोळ्या जलद सुटतात) आणि बी (थोडा वेळ काही लागत नाही) बिनधास्त घ्या, त्याने गन बदलत नाही. धबधब्याच्या स्टेजला दोघं असाल तर पुढच्याने थांबत थांबत चढायचं, कारण स्क्रीन वर सरकला की खाली राहिलेला मेला.

शेवटपर्यंत एकदा गेलात की मग जपानी लावा, आणि घाई न करता. नकाशा वाचा, सीन बघा, जपानी येत नसेल तर हौशी लोकांनी केलेलं इंग्रजी भाषांतर पण आहे. हा क्रम उलटा केला तर अमेरिकन खेळताना काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत राहतं. प्रोबोटेक्टर तिसरा, एका बैठकीत.

हे आवडलं तर पुढची पायरी मेगा ड्राइव्हचा कॉन्ट्रा हार्ड कोअर, १९९४ चा, तिथे देश बदलला की नुसतं चित्र नाही तर अवघडपणाच बदलतो. जपानीत एका लाइफमध्ये तीन मार सहन होतात आणि कंटिन्यू कितीही वेळा, अमेरिकनमध्ये एक गोळी लागली की मेला आणि कंटिन्यू फक्त ५. चार कॅरेक्टर आहेत, रस्ते फुटतात, शेवट वेगवेगळे, इतका सुंदर गेम पण अमेरिकन व्हर्जनवर किती लोकांनी दुसऱ्या बॉसलाच सोडून दिला असेल. तोही त्याच कलेक्शनमध्ये आहे आणि नंतरच्या फुकट अपडेटने जपानी व्हर्जन पण आलीत, सेटिंगमधून जपानी निवडून तिथूनच सुरुवात करा, सगळे रस्ते बघून झाले की मग अमेरिकनला हात घाला.